कोनी ठरवलं?

“असं ठरलंय” हे दोन शब्द कानावर पडले की मावशी हातातलं काम खाली ठेवायच्या. पदर कमरेला खोचायच्या, मान जराशी तिरकी करायच्या आणि विचारायच्या, “कोनी ठरवलं?”

आवाज चढलेला नसायचा. पण समोरचा गडबडायचा. कारण आपल्याकडे कुणी काही ठरवत नाही, सगळं आपोआप ठरतं. उद्यापासून औषध अर्धंच मिळेल, असं ठरलंय. बायकांच्या खोलीत यंदा पाहुणे उतरतील, असं ठरलंय. तुम्हीही हे ऐकलं असेल, कचेरीत, शाळेत, देवळाच्या पंचांकडून. आपण ऐकतो आणि घरी जातो. मावशी घरी जात नसत.

उंच, रुंद खांद्यांची बाई. मिश्रीनं दात काळे झालेले. नवरा गेल्यावर कपाळावरचं कुंकू गेलं होतं, पण हिरवं गोंदण राहिलं होतं, आणि राग आला की ते गोंदण आठ्यांमध्ये गडप व्हायचं. मी त्यांना ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत ते गोंदण पूर्ण दिसल्याचे प्रसंग थोडेच.

मी पुण्यात नर्सिंग शिकले आणि दुसरी लढाई सुरू होण्याच्या आधी मावळात आले. कान्हे आणि कामशेतच्या मध्ये, मोठ्या रस्त्याला लागून, एक धर्मार्थ दवाखाना होता. मुंबईच्या एका धनिकाच्या विधवेनं नवऱ्याच्या स्मरणार्थ तो बांधून दिला होता. कारभार पाहायला लोणावळ्यातल्या बंगलेवाल्यांचं एक मंडळ होतं आणि मंडळाचे एक सेक्रेटरी होते. गोरेपान, मऊ बोलणारे, हातात कायम पांढरा रुमाल. एक डॉक्टर आणि एक नर्स एवढा पगारी नोकरवर्ग. त्यातली नर्स मी. माझी खोली दवाखान्याच्या मागेच होती.

आले त्याच दिवशी संध्याकाळी एक बाई दारात उभी राहिली. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, “तू ऱ्हानार का जानार?”

मी म्हटलं, “राहणार.”

“मागल्या दोघी बी आसंच म्हनल्या व्हत्या.” एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यात तांदळाची पिशवी ठेवली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मला कळलं की दवाखाना ज्या जागेवर उभा आहे ती जागा या मावशींची. त्यांचा नवरा तापानं गेला होता. बैलगाडीत घालून त्याला लोणावळ्याला नेत असताना वाटेतच गेला. त्यानंतर वर्षभरात सेक्रेटरी गावात आले आणि दवाखान्यासाठी रस्त्यालगतची जागा मागू लागले. मावशींनी ती दिली. भाताचं चांगलं खाचर होतं ते. देताना चावडीपुढं सगळ्या गावासमोर सेक्रेटरींनी शब्द दिला होता: डॉक्टर इथंच राहील, बायकांना वेगळी खोली मिळेल, आणि आलेल्या माणसाला परत पाठवणार नाही.

हे सगळं कुठं लिहिलं होतं का, असं मी एकदा विचारलं. मावशी म्हणाल्या, “लिवायचं कशाला? गाव व्हतं की समोर.”

मी गेले तेव्हा त्यातलं काय उरलं होतं ते सांगते. डॉक्टर लोणावळ्याला एका सभासदाच्या बंगल्याच्या आवारात राहत. आठवड्यातून दोन सकाळी इकडे येत, तेही बंगल्यांवर कुणाला पडसं-खोकला नसेल तर. बायकांच्या खोलीत उन्हाळाभर सभासदांचे पाहुणे असत, कारण तिथून डोंगर छान दिसतो. आणि आलेली माणसं परत जात. मीच त्यांना परत पाठवत असे, कारण माझ्यापाशी आयोडीन, पट्ट्या आणि क्विनीनच्या गोळ्या यापलीकडे काही नसे. बाकीची औषधं डॉक्टरांच्या खोलीत काचेच्या दारांच्या कपाटात होती. किल्ली डॉक्टरांच्या खिशात.

मावशी रोज एक फेरी मारत. शेतावर जाताना किंवा येताना. पायरीवर बसून आलेल्या माणसांची विचारपूस करत. “काय दिलं? कितींदा घ्यायला सांगितलं? का घ्यायचं ते इचारलं का?” माणूस म्हणे, न्हाई. की मावशी त्याचा हात धरून त्याला परत माझ्यापुढे आणून उभं करत. “ह्याला समजावून सांग.” सुरुवातीला मला याचा फार त्रास वाटायचा. पुढं पुढं माणूस आत आला की मी आपणच समजावून सांगू लागले.

त्या साध्वी वगैरे नव्हत्या, हेही सांगायला हवं. गडीमाणसांवर ओरडत. जावेशी त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. आणि त्यांच्या विहिरीवर कातकऱ्यांनी घागर लावलेली त्यांना चालत नसे. वरून पाणी ओततील, पण पायरी चढू देणार नाहीत. मी याबद्दल बोलले तेव्हा म्हणाल्या, “तू दवाखान्याचं बग.”

दरवर्षी थंडीत दवाखान्याची तपासणी असे. मुंबईहून त्या देणगीदार बाईसाहेब मोटारीनं येत, मंडळाची माणसं लोणावळ्याहून येत, सगळे मिळून दवाखाना पाहत आणि चहा घेऊन परत जात. माझ्या पहिल्याच थंडीत मला हुकूम आला की सगळ्या खाटांवर धुतलेल्या चादरी घाला. मी घातल्या. सकाळी बघते तर मंडळाचा शिपाई गावातून माणसं गोळा करून आणतोय आणि एकेका खाटेवर निजवतोय. धडधाकट माणसं. एका म्हाताऱ्याला त्यानं डोक्याला पट्टी बांधली होती. म्हातारा मला हळूच विचारत होता, “पट्टी घरी न्यायची का हितंच ठेवायची?”

एक खाट भरायची राहिली. शिपाई घाईत होता, नवीन होता, मावशींना ओळखत नव्हता. पायरीवर बसलेल्या मावशींना त्यानं सांगितलं, “आजी, जरा आत येऊन निजा, घटकाभर.” मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या, आत गेल्या आणि चादर गळ्यापर्यंत ओढून शांतपणे निजल्या.

बाईसाहेब आल्या. वृत्तीनं त्या वाईट नव्हत्या. प्रत्येक खाटेपाशी थांबून त्या दोन शब्द बोलत होत्या. सेक्रेटरी मागून रुमालानं कपाळ टिपत सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देत होते. “हा ताप. हा पोटाचा विकार. सुधारतोय.” बाईसाहेब मावशींच्या खाटेपाशी आल्या. सेक्रेटरींनी मावशींना ओळखलं आणि त्यांचा रुमाल कपाळावरच थांबला.

“काय होतंय तुम्हाला?” बाईसाहेबांनी विचारलं.

“मला काय बी होत न्हाई,” मावशी निजल्या निजल्याच म्हणाल्या. “मला निजवलंय.”

“म्हणजे?”

“म्हंजी ह्या सगळ्यांनाच निजवलंय. खरी आजारी मानसं भाईर हायत. त्यांना सकाळीच घालवून दिलं, गर्दी दिसंल म्हनून.”

पट्टी बांधलेला म्हातारा उठून बसला. त्याला वाटलं, संपलं. कुणीतरी हसलं, मग खोलीभर हसू पसरलं. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्या बाहेर गेल्या, आणि दवाखान्याच्या कुडामागं उन्हात बसलेली माणसं त्यांनी पाहिली. त्यात एक तापानं थडथड कापणारी बाई होती.

सेक्रेटरींनी काय खुलासा केला ते मला ठाऊक नाही. पण जाताना बाईसाहेबांनी सांगितलं की गावची एक बाई मंडळावर असलीच पाहिजे, आणि ती हीच. अशा रीतीनं मावशी धर्मार्थ दवाखान्याच्या मंडळाच्या सभासद झाल्या.

मंडळाची सभा सेक्रेटरींच्या लोणावळ्याच्या बंगल्यात व्हरांड्यात भरे. मला दरमहा तिथं जाऊन कामाची माहिती द्यावी लागे, म्हणून आम्ही दोघी कामशेतहून पॅसेंजरनं बरोबरच जात असू. पहिल्या सभेला मावशींसाठी व्हरांड्याच्या कडेला सतरंजी घातली होती. मावशींनी सतरंजीकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची सेक्रेटरींची होती. ते सभा संपेपर्यंत उभे राहिले.

सभा इंग्रजीत चाले. काही वेळानं सगळ्यांनी हात वर केले. मावशींनी केला नाही.

“मावशी, हात वर करायचा,” एक सभासद प्रेमानं म्हणाले.

“कशापायी करायचा ते आदी सांगा.”

त्यांना सांगावं लागलं. रस्त्याकडची पडवी पाडून तिथं मोटार ठेवायला जागा करायची होती. पडवीत पावसाळ्यात आजारी माणसं बसत. “मग ती मानसं कुटं बसायची?” मावशींनी विचारलं. याचा कुणी विचारच केला नव्हता. सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाले, “मावशींच्या सूचनेची नोंद घेतली आहे.”

पुढं मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकले असते. डॉक्टर इथं राहायला कधी येणार? नोंद घेतली आहे. बायकांच्या खोलीतले पाहुणे कधी जाणार? नोंद घेतली आहे. मावशी परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, “ही मानसं वाईट बोलत न्हाईत गं. वाईट बोलली आसती तर भांडता आलं आसतं.”

आता पारीचं सांगते. हे सांगताना आजही माझे कान तापतात.

पारी वरच्या कातकरवाडीतली. पहिलंच बाळंतपण. पावसाळा सरत आला होता. सकाळी उशिरा तिला झोळीतून खाली आणलं, नवरा आणि दीर घेऊन आले. मूल मी सोडवलं. मुलगी झाली, रडली, सगळं ठीक होतं. आणि मग पारीला रक्तस्राव सुरू झाला. थांबेना. मला येत होतं ते सगळं मी केलं. अशा वेळी द्यायचं एक इंजेक्शन असतं, ते दिलं तर पुष्कळदा थांबतं. ते कपाटात होतं. काचेतून खोका दिसत होता, त्याच्यावरचं नावही वाचता येत होतं. ती सकाळ डॉक्टरांच्या येण्याची होती. डॉक्टर आले नव्हते.

मावशी शेतावरून येत होत्या. माझी हाक ऐकून आत आल्या. मी सांगितलं, काय पाहिजे ते. त्यांनी एक क्षणही घालवला नाही. औषधं कुटायचा लोखंडी बत्ता उचलला आणि काचेवर घातला. हात रक्ताळला, तसाच आत घालून त्यांनी खोका काढून माझ्या हातात दिला.

खोका रिकामा होता.

मी दुसरा काढला. रिकामा. तिसराही रिकामा. वरच्या फळीवर छान ओळीनं लावलेले, नावं बाहेरच्या बाजूला केलेले रिकामे खोके. औषधं केव्हाच डॉक्टरांच्या बॅगेतून लोणावळ्याच्या बंगल्यांवर गेली होती. इथं तपासणीला दिसावेत म्हणून खोके ठेवले होते.

मावशी पारीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. “डोळं उघडं ठिव. माझ्याकडं बग,” असं म्हणत राहिल्या. पारी जरा वेळ बघत राहिली. दुपार टळायच्या आत गेली. डॉक्टर चार वाजताच्या गाडीनं आले. कुठल्याशा बंगल्यावर पाहुण्यांचा चहा होता, तिथं अडकले होते.

मावशी उठल्या, आपल्या विहिरीवर गेल्या आणि दोन घागरी भरून आणल्या. पारीला आंघोळ त्यांनी घातली. कुणाला हात लावू दिला नाही. रडल्या नाहीत. मुलगी जगली, तिच्या आत्यानं तिला वाढवलं.

मला वाटलं होतं, आता तरी काही होईल. झालं. मंडळानं चौकशी समिती नेमली. तीन माणसं होती: सेक्रेटरींचे मेहुणे, डॉक्टरांना आसरा देणारे सभासद, आणि एक म्हातारे गृहस्थ ज्यांना कमी ऐकू येई. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, कपाटाची काच कुणी फोडली? कुणाच्या परवानगीनं फोडली? मी म्हटलं, खोके रिकामे होते. मेहुणे म्हणाले, “तो प्रश्न आमच्याकडे सोपवलेला नाही.”

निर्णय सभेत वाचून दाखवला, मावशींसाठी मराठीत. रुग्णास उशिरा आणल्यामुळे मृत्यू ओढवला. मंडळाच्या मालमत्तेची मोडतोड झाली ही गोष्ट खेदजनक आहे.

मावशींनी पदर खोचला. “उशिरा आनली, हे कोनी ठरवलं?”

“चौकशी समितीनं,” सेक्रेटरी म्हणाले.

“ह्या तिघांनी?”

“होय.”

“ह्यातला कोन तितं व्हता? कोनाच्या मांडीवर गेली ती?”

म्हाताऱ्या गृहस्थांनी कानामागं हात नेला आणि शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणतायत? सेक्रेटरींनी रुमाल काढला. “मावशी, तुमच्या भावना आम्ही समजतो. पण ती काही तुमच्या नात्यातली नव्हती.”

मी मावशींना पुष्कळदा रागावलेलं पाहिलं होतं, पण असं कधीच नाही. त्या उठल्या आणि पायऱ्या उतरल्या. स्टेशनापर्यंत मला त्यांच्या मागं धावावं लागलं.

त्यानंतर महिनाभर त्या दवाखान्यात आल्या नाहीत. त्यांची सून घरचं बघायची, आणि या सकाळी उठून चालू लागायच्या. कान्हे, कामशेत, आतल्या वाड्या, वडगावच्या बाजारचा दिवस. कुणाच्या दारात बसल्या, कुणाच्या बांधावर थांबल्या. काय करतात ते मला कळेना. एकदा रस्त्यात गाठल्या तेव्हा म्हणाल्या, “इचारत फिरत्ये. दवाखान्यातून कोन कोन तसंच परत आलं त्ये.”

थंडी आली. तपासणीचा दिवस आला. त्या वर्षी शिपायाला खाटांवर निजवायला एकही माणूस मिळाला नाही. पण उन्हं वर आली तसा रस्ता भरत गेला. बायका येत होत्या, कडेवर पोरं घेऊन, म्हाताऱ्यांचा हात धरून. पलीकडच्या पायवाटेनं कातकरी उतरले. सगळे अंगणात बसले. मावशी मध्ये उभ्या होत्या.

मोटारी आल्या. सेक्रेटरी खाली उतरले आणि घाईनं पुढं आले. “मावशी, आज तपासणी आहे. या लोकांना नंतर आणा.”

“त्याच्यासाठीच आलोय,” मावशी म्हणाल्या. “आज तपासनी आमी करनार.”

त्यांनी आतली लांब बाकडी बाहेर आणायला लावली आणि मंडळाला त्यावर बसवलं. बसवलंच म्हणायचं. बाईसाहेब आधी बसल्या, म्हणून बाकीच्यांना बसावं लागलं. डॉक्टर कडेला उभे होते.

मग बायका उठू लागल्या. एकीचं पोर विंचवानं डसलेलं, दार बंद होतं. एकीला डॉक्टर नाहीत म्हणून तीन वेळा परत पाठवलेलं. एक म्हातारी नुसतीच उभी राहिली, तिला बोलता येईना, आणि खाली बसली. मावशी त्यांच्या तोंडात शब्द घालत नव्हत्या. कुणी रडायला लागलं तर म्हणायच्या, “रडू नगं. सांग.” बाकड्यावरच्या माणसांची अंगं आक्रसत चालली होती. खरं सांगते, मला ते बघून बरं वाटत होतं.

शेवटी मावशी सेक्रेटरींच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“पावसाळ्यात हितं एक बाळंतीन मेली. तुमी तिची चवकशी केली. तिचं नाव काय?”

सेक्रेटरींनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. म्हाताऱ्या गृहस्थांनाही या वेळी प्रश्न नीट ऐकू आला असावा, कारण त्यांनी कानामागं हात नेला नाही.

“काच फुटल्याचं ध्यानात हाय,” मावशी म्हणाल्या. “बाईचं नाव म्हाईत न्हाई.”

रेल्वेच्या रुळांकडून गँगवाल्यांच्या हातोड्यांचे आवाज येत होते. मग मागून पारीचा नवरा बोलला. बसूनच बोलला. “पारी. पारी व्हतं.”

बाईसाहेब उठल्या आणि आत गेल्या. डॉक्टरांना कपाट उघडायला लावलं. नवी काच बसवली होती. खोके उघडले. भरलेले होते.

मावशी दारात उभ्या होत्या. “व्हय, आज भरल्यात,” त्या म्हणाल्या.

बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “त्या दिवशी?”

“रिकामे होते,” मी म्हटलं. “एक नव्हे, सगळे. मी स्वतः उघडले.”

बाईसाहेब बाहेर आल्या. चहा न घेता मोटारीत बसल्या आणि गेल्या.

काही दिवसांनी डॉक्टरांना काढलं. नवा डॉक्टर आला, तरुण, कऱ्हाडकडचा, आणि दवाखान्याच्याच आवारात राहू लागला. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. बायकांच्या खोलीत पुन्हा कधी पाहुणा उतरला नाही. हे सगळं झालं, आणि सेक्रेटरी मात्र होते तिथंच राहिले. पुढं कितीतरी वर्षं राहिले. मंडळाच्या वार्षिक समारंभात त्यांचा सत्कार झाला. सुधारणांचं श्रेय त्यांना देण्यात आलं. ते भाषण मी पुढच्या रांगेत बसून ऐकलं आहे, त्यामुळे मला कुणी सांगू नये की काळ सगळ्यांचा न्याय करतो.

आणि एक नियम बदलला. मंडळाचा सभासद लिहिता-वाचता येणारा असावा. हे मावशींना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या अंगणात भात पाखडत होत्या. मी सांगितलं, “असं ठरलंय, मावशी.” त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. कोनी ठरवलं, हेही विचारलं नाही. पाखडत राहिल्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “जाऊ द्या. निदान डॉक्टर तरी कायमचा मिळाला.”

तेव्हा त्यांनी मान वर केली. “गप बस. डॉक्टर द्यायचं त्यांनी जागा घेतानाच कबूल केलं व्हतं. त्याच्यासाठी एक पोर मरावी लागली, आन तू मला सांगतीस मिळाला म्हनून?”

आजही लोक जेव्हा म्हणतात की शेवटी चांगलंच झालं ना, तेव्हा मला ते सूप आठवतं आणि मी खोलीतून उठून जाते.

दुसऱ्या दिवसापासून मावशी पुन्हा पायरीवर येऊन बसू लागल्या. मंडळाच्या शिपायानं एकदा सांगून पाहिलं की आता तुम्ही सभासद नाही. “नसंल,” मावशी म्हणाल्या. “पायरी माझ्या जागंत हाय.”

लढाई संपली त्या सुमारास त्यांची छाती धरली. अंथरुणाला खिळल्या. नवा डॉक्टर घरी जाऊन त्यांना पाहत असे, मी बरोबर असे. सुई टोचू द्यायच्या आधी त्या त्याला विचारत, “ह्यात काय हाय?” तो सांगे. “त्यानं काय व्हनार?” तो सांगे. “आन न्हाई झालं तर?” एकदा तो म्हणाला, “नाही झालं तर दुसरं काही माझ्याकडे नाही, मावशी.” त्यांनी मुकाट्यानं हात पुढं केला. त्या दिवशी कपाळावरचं गोंदण मला स्वच्छ दिसलं, तीन ठिपके आणि खाली चंद्रकोर. डॉक्टर निघाला तेव्हा त्याला म्हणाल्या, “जेवून जा. पोरगं वाळत चाललंय.”

आठवड्याभरानं त्या गेल्या. सकाळी, घरात माणसं असताना.

दहाव्याला मी गेले होते. डोंगरावरून कातकरी आले होते, ते मांडवाबाहेर बसले होते. मावशींची सून त्यांना स्वतः चहा देत होती. ही सून अगदी अबोल. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी मोजक्या वेळा ऐकला असेल. तेवढ्यात लोणावळ्याहून मंडळाचा शिपाई आला. त्याच्या हातात निशिगंधाचा भलामोठा हार होता, जरीचा गोंडा लावलेला. सेक्रेटरींनी मंडळाच्या वतीनं पाठवला होता. शिपायानं दोन्ही हातांवर तोलून तो पुढं केला आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, मंडळाला फार दुःख झालं आहे.

सुनेनं चहाची किटली खाली ठेवली. हार घेतला. सगळ्यांना वाटलं ती आत फोटोकडे नेईल, पण मावशींनी कधी फोटो काढूच दिला नव्हता. ती अंगण ओलांडून गोठ्यात गेली. जरीचा गोंडा तिनं सोडवून बाजूला टाकला, म्हशीला बाधू नये म्हणून, आणि हार तिच्यापुढं गव्हाणीत ठेवला. म्हशीनं वास घेतला, एक फूल तोडलं, आणि मग डोळे अर्धवट मिटून सावकाश सगळा हार खाऊ लागली. शिपाई उभा राहून बघत होता. कुणी हसलं नाही.

हार संपल्यावर सुनेनं हात पदराला पुसले आणि पुन्हा किटली उचलली.

“सायबांस्नी सांगा,” ती शिपायाला म्हणाली, “हार पोचला.”